पुठ्ठे नवे, सूत जुनं

जानेवारीत सोलापुरात दोन बाजार एकदम भरतात. एक होम मैदानावर, सिद्धेश्वर यात्रेचा, ज्याला गड्डा म्हणतात. नंदीध्वजांची मिरवणूक, संमती कट्ट्यावरच्या अक्षता, होम, शोभेचं दारूकाम हे सगळं उरकलं तरी गड्डा काही लगेच उठत नाही. पाळणे, लोणच्याच्या बरण्या, स्वेटर, चिनी खेळणी, आणि हल्ली एका कोपऱ्यात युरोपातल्या क्लबांच्या ‘फर्स्ट कॉपी’ जर्सी. दुसरा बाजार मोबाइलवर भरतो. इंग्लंडमधली हिवाळी ट्रान्सफर विंडो, म्हणजे फुटबॉल क्लबांना खेळाडू घ्यायची-विकायची मुदत, नव्या वर्षाबरोबर उघडते आणि महिना संपता संपता बंद होते. या दुसऱ्या बाजारात सोलापूरकराला दमडी खर्च करायची नसते, तरी महिनाभर त्याचाच जीव टांगणीला लागलेला असतो.

दोन्ही बाजारांत भाव ठरतो तो बंद व्हायच्या तारखेवरून, पण उलट्या दिशेनं. गड्डा उठायला दोन दिवस राहिले की बरणीवाला निम्म्यावर येतो, कारण उरलेला माल टेम्पोत भरून परत न्यायचा म्हणजे फूटतूट आणि भाडं दोन्ही त्याच्या डोक्यावर. फुटबॉलमध्ये शेवटच्या दोन दिवसांत भाव चढतो. चांगला खेळाडू विकला की विकणाऱ्या क्लबाच्या संघातही भोक पडतं, आणि ते बुजवायला त्यालाही तेवढेच तास उरलेले असतात. त्या भोकाची किंमत तो गिऱ्हाइकाकडूनच वसूल करतो. नको झालेला खेळाडू मात्र बरणीसारखाच स्वस्त होत जातो. एवढं साधं गणित ज्याला कळतं, तो क्लब जुलैत खरेदी करतो आणि ऑगस्टच्या शेवटी नको असलेला माल उचलायला येतो. ज्याला कळत नाही, त्याचे चाहते रात्रभर जागतात.

जागायचं म्हणजे किती, तेही सांगायला हवं. २०२५ पर्यंत विंडो बंद व्हायची नेहमीची वेळ इंग्लंडच्या रात्री अकराची होती. उन्हाळ्यात आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेतीन, जानेवारीत साडेचार. त्यातही ‘डील शीट’ नावाचा एक कागद आहे. सौदा ठरलाय, फक्त कागदपत्रं पुरी व्हायची आहेत, असं वेळेत कळवलं की आणखी दोन तास मिळतात. म्हणजे जानेवारीत साडेसहा. तोवर सोलापुरात दूधवाले फिरून गेलेले असायचे. २०२५ च्या उन्हाळ्यात प्रीमियर लीगनं, म्हणजे इंग्लंडमधल्या सगळ्यात वरच्या लीगनं, ही वेळ संध्याकाळी सातवर आणली, आपले साडेअकरा, तेव्हा इथल्या कॉलेजच्या पोरांनी त्या निर्णयाचं स्वागत केलं असेल तर नवल नाही.

उशिराची किंमत किती असते याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण मरुआन फेलाइनीचं. २०१३ साली एव्हर्टनबरोबरच्या त्याच्या करारात एक कलम होतं: ३१ जुलैपर्यंत कुणी २.३५ कोटी पौंड दिले की एव्हर्टनला नाही म्हणता येणार नाही. मँचेस्टर युनायटेडनं ती तारीख जाऊ दिली. मग २ सप्टेंबरला, विंडो बंद होता होता, त्याच माणसासाठी २.७५ कोटी मोजले. ४० लाख पौंड जास्त, त्या वेळच्या भावानं साधारण ४० कोटी रुपये, आणि बदल्यात खेळाडू महिनाभर वयानं वाढलेला. दोन वर्षांनी याच क्लबाचा गोलकीपर डेव्हिड दे हेया रेआल माद्रिदला जायला निघाला होता. सौदा ठरला, दोन्ही बाजूंच्या सह्यांची धावपळ झाली, आणि स्पेनमधली मुदत संपेपर्यंत कागद वेळेत पोचलेच नाहीत. दोन्ही क्लबांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी खेटे घातलेल्या माणसाला त्यात नवीन काहीच वाटलं नसेल.

चाहत्यांचा राग म्हणजे ‘पैसे काढा’ एवढाच असतो, असं बाहेरच्याला वाटतं. काही क्लबांबाबत ते खरंही आहे. २०१५ च्या उन्हाळ्यात आर्सेनलनं पेत्र चेक हा गोलकीपर घेतला आणि मैदानात पळणारा एकही खेळाडू घेतला नाही. त्या मोसमात बाकीचे सगळे मोठे क्लब गडगडले, आणि लेस्टर पहिलं आलं. आर्सेनल दुसरं. एखादा स्ट्रायकर, म्हणजे गोल करणारा, घेतला असता तर, हा प्रश्न त्या पिढीच्या आर्सेनलवाल्याला झोपेतून उठवून विचारला तरी तो सुरू होतो. पण लगेच टॉटनहॅम आठवावं. २०१८ च्या उन्हाळ्यात त्यांनी कुणालाच घेतलं नाही, पुढच्या जानेवारीतही नाही, आणि जूनमध्ये ते चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेची, फायनल खेळत होते. न घेण्यानं बुडतंच असं नाही.

घेऊन बुडणं जास्त शिकवतं. आणि ते समजून घ्यायला सोलापूरकराला इंग्लंडला जायची गरज नाही, चादरीचा माग बघितला तरी पुरे.

जेकार्डच्या मागावर वर एक पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. प्रत्येक पुठ्ठ्याला भोकं पाडलेली. जिथं भोक असेल तिथली सुई आत जाते, तिच्या आकड्यानं खालचे ठरावीक धागे वर उचलले जातात, त्या फटीतून धोटा आडवा धागा घेऊन जातो. एक पुठ्ठा, एक आडवी ओळ. पुठ्ठ्यांची माळ बदलली की नक्षी बदलते: मोराच्या जागी कमळ. आता पुष्कळ ठिकाणी पुठ्ठ्यांच्या जागी कॉम्प्युटरची फाइल आलीय, पण तत्त्व तेच. नक्षी बदलणं सोपं, कारण ती वर असते. खाली बीमवर गुंडाळलेलं उभं सूत मात्र आधीच ठरलेलं. किती धागे, कुठल्या नंबरचे, कुठल्या रंगाचे, पन्हा किती, हे बीम भरतानाच ठरतं. फणीतून एकेक धागा ओवून झाल्यावर, ती बीम संपेपर्यंत त्यात हात घालता येत नाही. लाल उभ्या सुतावर निळी चादर निघावी म्हणून कुणी नुसते पुठ्ठे बदलत बसला तर मागवाला काय म्हणेल, ते इथं छापता येणार नाही.

प्रशिक्षक म्हणजे पुठ्ठे. खेळाडूंचा संघ म्हणजे उभं सूत. सर अॅलेक्स फर्ग्युसन २०१३ ला निवृत्त झाल्यापासून युनायटेडनं पुठ्ठे किती वेळा बदलले ते मोजा: मोयेस, व्हान खाल, मोरिन्यो, सोल्शायर, मध्ये काही महिने रांगनिक, टेन हाग, आमोरिम. प्रत्येकाची नक्षी वेगळी, आणि प्रत्येकाला आपल्या नक्षीपुरते धागे हवे होते. उभं सूत कुठल्या रंगाचं ठेवायचं हे ठरवणारा माणूस क्लबात नव्हताच. फुटबॉल संचालक हे पद तिथं पहिल्यांदा भरलं गेलं २०२१ च्या मार्चमध्ये. तोवर सूत आणायचा तो पुठ्ठेवाला, आणि तो गेला की सूत तिथंच.

टेन हाग यांनी तीन उन्हाळ्यांत लिसांद्रो मार्तिनेझ, अंतोनी, ओनाना, दे लिख्त, मझरावी असे पाच जण घेतले, पाचही आधी आयॅक्स या डच क्लबात त्यांच्याच हाताखाली खेळलेले. ओळखीचा माल घेणं हा गुन्हा नाही. पण ज्या प्रशिक्षकाची नोकरी दोन-अडीच वर्षांची, त्याच्या ओळखीवर पाच वर्षांचे करार होतात, तिथं हिशेब चुकतो. २०२४ च्या जुलैत त्यांचा करार वाढवला, उन्हाळ्यात त्यांच्या पसंतीची खरेदी केली, ऑक्टोबरअखेर त्यांना काढलं. नोव्हेंबरात आमोरिम आले. त्यांची मांडणी मागे तीन बचावपटूंची आणि दोन्ही कडांना एकेक विंगबॅक, म्हणजे कडेनं पुढं-मागं पळणारा बचावपटू. या मांडणीत कड धरून खेळणाऱ्या विंगरला जागाच नसते, आणि क्लबाकडे तर वर्षानुवर्षं पैसे ओतून जमवलेले विंगरच विंगर. अंतोनी, सांचो, रॅशफर्ड, गार्नाचो: २०२५ च्या सप्टेंबरात चौघंही दुसरीकडे होते, कुणी विकलेला, कुणी उसना दिलेला. आमोरिम यांच्या पहिल्या, २०२४-२५ च्या मोसमात संघ पंधरावा आला होता. आणि २०२६ च्या जानेवारीत आमोरिमही गेले. विंगर गेले, विंगर नको म्हणणारा गेला. नव्या पुठ्ठेवाल्यानं आता काय विणायचं?

“काय करूलालेत बे हे लोक?” हा सोलापुरी प्रश्न याच जागी येतो, आणि त्याला अजून कुणी नीट उत्तर दिलेलं नाही.

एक खरेदी जरा जवळून बघू. २०२२ च्या उन्हाळ्यात युनायटेड महिनोन् महिने बार्सेलोनाच्या फ्रेंकी दे याँगच्या मागे होतं. मागून चेंडू घेऊन, वळून, दोघांना चकवून पुढं नेणारा मिडफिल्डर. क्लबाक्लबांत बोलणी झाली, पण त्याला स्वतःला यायचं नव्हतं. हे मे महिन्यात कळणं आणि ऑगस्टमध्ये कळणं यात सगळा फरक आहे. चांगल्या भरती विभागाची पहिली पायरीच ही: खेळाडू येईल का, त्याच्या घरच्यांना ते शहर चालेल का, पगाराची अपेक्षा काय, हे मध्यस्थाकडून आधी काढून घ्यायचं, आणि मगच समोरच्या क्लबाला पत्र धाडायचं. शिवाय प्रत्येक जागेसाठी एक नाव असून चालत नाही, तीन लागतात, आणि तिघंही एकाच पठडीतले. मोसम सुरू झाला, ब्रायटनकडून घरच्या मैदानावर १-२, ब्रेंटफर्डला जाऊन ०-४. मग घबराट. पंधरवड्याच्या आत रेआल माद्रिदचा कासेमिरो आला, वय ३०, चार वर्षांचा करार. खेळाडू म्हणून मोठाच. पण तो चेंडू काढून घेणारा, ठाण मांडून बसणारा. दे याँगसारखा घेऊन पळणारा नव्हे. कुकर आणायला गेलेला माणूस तवा घेऊन आला, तवा बिडाचा, उत्तम प्रतीचा, तरी भात शिजायचा राहिलाच.

त्याच घबराटीत अंतोनी. साधारण साडेनऊ कोटी युरो, करार पाच वर्षांचा. इथं हिशेबाची एक खुबी कळून घ्यायला हवी, कारण अर्ध्याअधिक वादाचं मूळ तिच्यात आहे. खेळाडूची किंमत क्लबाच्या वहीत एकदम खर्ची पडत नाही, कराराच्या वर्षांवर सारखी वाटली जाते. म्हणजे अंतोनीचे दर वर्षाला १ कोटी ९० लाख. तीन वर्षं झाली की ५.७ कोटी खर्ची पडले, ३.८ कोटी वहीत शिल्लक. २०२५ च्या सप्टेंबरात तो रेआल बेटिसला गेला साधारण २.२ कोटीला. शिल्लक ३.८, हातात २.२, म्हणजे दीड कोटीच्या वर तोटा त्याच वर्षाच्या वहीत. म्हणून असे खेळाडू वेळेत विकले जात नाहीत. विकला की तोटा दिसतो, ठेवला की पगार जातो, म्हणून उसना द्यायचा. सांचोचंही तेच झालं. २०२१ ला ७.३ कोटी पौंडांना घेतला. पुढं आधी डॉर्टमुंडला उसना, मग चेल्सीला उसना. चेल्सीवर तो विकत घ्यायचं बंधन होतं, तर त्यांनी ५० लाख पौंड दंड भरला आणि त्याला परत पाठवला. दंड भरून परत केलेला माल गड्ड्यात तरी कुणी बघितला नसेल.

चेल्सीनं या वाटणीच्या खुबीचा वेगळाच उपयोग केला. २०२३ च्या जानेवारीत एन्झो फर्नांदेझ आणि मुद्रिक यांना साडेआठ-साडेआठ वर्षांचे करार दिले, म्हणजे वर्षाचा हप्ता लहान. युएफा या युरोपच्या फुटबॉल संघटनेनं त्याच उन्हाळ्यात आणि प्रीमियर लीगनं डिसेंबरात नियम केला: करार कितीही लांब असो, वाटणी पाच वर्षांच्या पुढं नाही. प्रीमियर लीगनं तोट्यावरही मर्यादा घातली होती, आणि हे नियम निव्वळ कागदी नाहीत. तीन वर्षांत मिळून १०.५ कोटी पौंडांहून जास्त तोटा दाखवल्याबद्दल एव्हर्टनचे २०२३ च्या नोव्हेंबरात १० गुण कापले गेले, अपिलात ते ६ वर आले. प्रीमियर लीगनं २०२६-२७ पासून ही तोट्याची मर्यादा बाजूला ठेवून संघावरचा खर्च उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांत बसवायचं ठरवलं आहे.

या नियमांचा सगळ्यात कडू भाग वेगळाच. क्लबाच्या अकादमीत वाढलेल्या पोराची वहीतली किंमत शून्य. तो विकला की आलेला पैसा पूर्ण नफा. म्हणजे वही सांगते: बाहेरून आणलेला फसलेला ठेव, घरचा विक. स्कॉट मॅकटॉमिनेला २०२४ च्या ऑगस्टमध्ये युनायटेडनं साधारण अडीच कोटी पौंडांना नापोलीला विकलं. त्याच मोसमात नापोली इटलीचं विजेतं झालं आणि मॅकटॉमिने लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. वहीच्या दृष्टीनं मात्र व्यवहार उत्तमच होता.

चाहत्याची वही कपाटात असते. युनायटेडच्या सात नंबरची जर्सी पाठीवर नाव टाकून घेणाऱ्यानं २०१४ ला दि मारिया लिहून घेतलं. तो वर्षात पॅरिसला गेला. मग डेपाय. मग २०१८ ला अलेक्सिस. २०२० ला कावानी, आणि पुढच्याच वर्षी रोनाल्डो परत आला म्हणून कावानीनं सात सोडून एकवीस घेतला, म्हणजे खेळाडू तिथंच, जर्सी बाद. मग रोनाल्डो, मग माउंट. दहा वर्षांत सहा नावं. सोलापुरात नावासकट जर्सी धुण्याचीही एक रीत आहे: उलटी करायची, गार पाण्यात, इस्त्री नावावर कधीच नाही, नाहीतर रबरी अक्षरं पहिल्या महिन्यातच सोलतात. एवढं जपूनही पाठीवरचं नाव अक्षरांआधी जातं.

उलट उदाहरण ब्रायटनचं, आणि तेही याच लीगमधलं. त्यांनी मोइसेस कायसेदोला २०२१ ला एक्वादोरहून ४०-४५ लाख पौंडांत आणलं. तेव्हा त्याच्या जागेवर बिसूमा खेळत होता. बिसूमा २०२२ ला टॉटनहॅमला विकला, कायसेदो तयार होता. कायसेदो २०२३ ला चेल्सीला विकला, १० कोटी ठरलेले आणि अटींवर आणखी दीड कोटी. त्याच ऑगस्टमध्ये फ्रान्सच्या लीलहून बालेबा आला. मधल्या काळात प्रशिक्षक तीन झाले, पॉटर, दे झेर्बी, हुर्झेलर. भरती विभागातली माणसंही चेल्सीनं उचलून नेली. खेळायची रीत फारशी हलली नाही, कारण उभं सूत कसलं हे मालक आणि विभाग ठरवतात, आणि त्या सुतावर विणू शकेल असाच प्रशिक्षक शोधतात. जुन्या बीमच्या शेवटच्या धाग्यांना नव्या बीमचे धागे गाठी मारून जोडतात, माग फार वेळ थांबत नाही, तसं.

अर्थात ब्रायटनचा चाहता सुखी आहे असं समजू नये. दर उन्हाळ्यात त्याचा आवडता खेळाडू विकला जातो, आणि हिशेब बरोबर असल्यामुळे त्याला धड ओरडताही येत नाही.

सोलापूरकराच्या ओरडण्याला एक गंमतशीर बाजूही आहे. कोल्हापुरात पेठेची फुटबॉल टीम असते. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार. कुठल्या तालमीचा, हे जन्मानंच ठरतं, आणि खेळाडू नीट घेतला नाही तर जाब विचारायला पदाधिकारी गल्लीतच राहतो. सोलापुरात तालमी आहेत, त्या कुस्तीच्या. पार्क मैदान क्रिकेटचं. त्यामुळे इथल्या पोराचा क्लब टीव्हीवरून ठरलेला असतो आणि जाब विचारायचा माणूस सात हजार किलोमीटरवर. शनिवारी दुपारी तीनला सुरू होणारा सामना खुद्द इंग्लंडमधल्या घरांत थेट दिसत नाही. स्टेडियमं ओस पडू नयेत म्हणून तिथं त्या वेळेला जुनी बंदी आहे. इथं मात्र तो ऑक्टोबरअखेरपर्यंत साडेसातला आणि नंतर मार्चअखेरपर्यंत साडेआठला, ताटात कडक भाकरी आणि शेंगाचटणी असताना, व्यवस्थित दिसतो. बघायला सगळं आणि बोलायला काही नाही, अशी ही अवस्था.

जवळचा म्हणावा असा एक क्लब होता, पुण्याचा. बालेवाडीत खेळणारा एफसी पुणे सिटी, २०१४ च्या पहिल्या इंडियन सुपर लीगपासून. त्यांची पहिल्या तीन वर्षांची मोठी खरेदी बघा: २०१४ ला डेव्हिड ट्रेझेगे, २०१५ ला आद्रियान मुतू, २०१६ ला आयडुर गुडजॉनसन. तिन्ही नावं पोस्टरवर शोभणारी. गुडजॉनसन तर दुखापतीमुळे एकही सामना न खेळताच गेला. पहिल्या तिन्ही मोसमांत संघ उपांत्य फेरीपर्यंत पोचला नाही. पोचला तो २०१७-१८ ला, जेव्हा भारतातल्याच लीगमध्ये आधी गोल करून दाखवलेले मार्सेलिन्यो आणि अल्फारो घेतले. पण तोवर पैसा आणि उत्साह दोन्ही आटत आले होते. २०१९ ला क्लब बंद झाला, आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. पुण्याहून हैदराबादचा रस्ता सोलापुरावरूनच जातो.

हैदराबादनं २०२२ च्या मार्चमध्ये गोव्यातल्या फातोर्ड्यात केरळला पेनल्टीवर हरवून करंडक जिंकला. त्या मोसमात लीगमध्ये सगळ्यात जास्त, १८ गोल करणारा बार्थोलोम्यू ओग्बेचे त्यांचाच. हैदराबादला येण्याआधी तो नॉर्थईस्ट, केरळ आणि मुंबईकडून तीन मोसम याच लीगमध्ये, याच दमट हवेत, याच मैदानांवर खेळलेला होता. ट्रेझेगे पुण्याला आला तो थेट अर्जेंटिनातून, इथली हवाही न बघता, आणि त्यानं दोन गोल केले. दोघांचंही वय त्या त्या मोसमात ३७ होतं.